दगडोबाने पारखलेलं रेशीम

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. गोष्टी अशाच सुरू होतात. मला दुसरी रीत ठाऊक नाही.

त्याचं नाव दगडोबा. माझंही नाव तेच आहे. वयही तेच. जंगलात नावं कमी असतात, त्यामुळे असं होतं. कुणी हसायचं नाही. हसणाऱ्याने बाहेर जाऊन हसावं.

दगडोबा शाळेत दुसरीपर्यंत गेला होता. पुढच्या इयत्ता आपल्या उपयोगाच्या नाहीत, असं त्याने स्वतःच ठरवलं. मास्तरांचंही तेच मत पडलं. आयुष्यात त्याने कुणाला रस्ता विचारला नाही. त्यामुळे त्याला पुष्कळ जंगल बघायला मिळालं.

त्याची बायको सगुणा. ती कमी बोलायची. एखादी गोष्ट दोनदा सांगायची. तिसऱ्यांदा सांगायची नाही.

आता काय झालं ते ऐका.

सगुणाच्या बहिणीची नात कुसुम. तिचं लग्न ठरलं. कुसुमला आई नव्हती. लहानपणी तीन वर्षं ती सगुणाकडेच होती. तिच्या अंगातले काटे सगुणाने काढले. तिला झाडावर चढायला सगुणाने शिकवलं, आणि पडली तेव्हा खाली सगुणाच उभी होती. लग्नात नवरीच्या मागे करा धरून कुणीतरी उभं राहतं. करा म्हणजे पाण्याचं छोटं भांडं. कुसुम म्हणाली, "करा सगुणाआजी धरेल. दुसरं कुणी नको."

पण त्या जंगलात एक नियम होता. होमाजवळ उभं राहणारीने रेशीम नेसायचं. सुती चालायचं नाही. मागच्या एका लग्नात सगुणाला सुती लुगड्यामुळे मंडपाच्या बाहेर बसवलं होतं, चपलांपाशी. जंगलात चपला कुठून आल्या, हे विचारू नका. लग्न म्हटलं की चपला येतात.

सगुणा दगडोबाला म्हणाली, "मला एक खरं रेशमी लुगडं घ्यायचंय."

"बरं."

"कुसुमच्या मागं उभं राहायचंय मला."

"बरं म्हणालो ना."

सगुणाने मधाच्या सात नळ्या साठवल्या होत्या. बांबूच्या. त्या घेऊन दोघं निघाली. तीन डोंगर ओलांडले की नदीकाठी कापडाचा बाजार होता. फार जुना. इतका जुना की लांबलांबची जनावरं तो जुना आहे एवढ्यासाठीच बघायला यायची. त्यांच्यासाठी तिथे नव्या कमानी बांधल्या होत्या आणि त्यांना जुना रंग दिला होता.

कमानीवर एक साळुंकी बसली होती. तिच्या गळ्यात पाटी होती, 'अधिकृत वाटाड्या'.

"काका, पहिल्यांदाच आलात का बाजाराला?"

"नाही," दगडोबा म्हणाला. तो पहिल्यांदाच आला होता.

"मग रंगनाथशेटचं दुकान माहीतच असेल तुम्हाला."

"माहीत आहे."

"चला तर. मी तिकडंच चाललेय."

सगुणा म्हणाली, "आधी जरा बाजार फिरून बघू या."

"माहीत असलेलं दुकान सोडून फिरायचं कशाला?" दगडोबा म्हणाला, आणि निघाला. साळुंकी उडत होती. तरी हा तिच्या दोन पावलं पुढे चालायला बघत होता. वाट आपल्याला ठाऊक आहे असं दिसावं म्हणून. दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला. दोन्ही वेळा, मुद्दाम बघायला आलो होतो, असं म्हणाला.

रंगनाथशेट सरड्याचं दुकान तीन मजली वारुळात होतं. बाहेर पाटी होती, 'एकच भाव'. तिच्याखाली दुसरी पाटी होती, 'आज निम्मा भाव'. आत पांढरीशुभ्र गादी. गादीवर सरडा. तो जे लुगडं उलगडायचा त्या रंगाचा व्हायचा. त्यामुळे प्रत्येक लुगडं त्याला शोभून दिसायचं. मग गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्यालाही शोभेल.

"या दादासाहेब, बसा. वहिनी, तुम्ही पंख्याखाली या. उसाचा रस सांगू?"

दगडोबाला आजवर कुणी दादासाहेब म्हटलं नव्हतं. तो ताठ बसला.

"सगळा माल हातमागाचा," सरडा म्हणाला. "घराघरांत विणलेला. यंत्राचा वाराही लागलेला नाही."

"रेशीम खरं आहे का?"

"कागद आहे ना, दादासाहेब." सरड्याने सोनेरी शिक्क्याचा एक कागद पुढे केला.

"कागद मी वाचत नाही," दगडोबा म्हणाला. हे खरं होतं. पण त्याने ते अशा आवाजात सांगितलं की ऐकणाऱ्याला ते तत्त्व वाटावं. "मी धागा जाळून बघतो."

सरडा पांढरा पडला. गादीमुळेही असेल.

मुलांनो, रेशीम जाळून बघण्याची रीत जुनी आहे आणि चांगली आहे. लुगड्याच्या दशीतला एक धागा ओढायचा आणि दिव्यावर धरायचा. खरं रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो. दगडोबाला हे त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. ते पुढेही काही सांगत होते. तोवर हा उठून गेला होता.

समई आणली. दगडोबाने पोपटी लुगड्याचा एक धागा ओढला, नखांत धरला, आणि हात ज्योतीवर नेला.

तुम्ही अस्वलाचा हात पाहिला आहे का? नखापासून कोपरापर्यंत केस असतात. वीतवीतभर.

चर्रकन आवाज झाला. धूर निघाला. दुकानभर वास पसरला. पंख्याखालच्या दोन सशिणी शिंकल्या.

दगडोबाने डोळे मिटून वास घेतला. "अस्सल," तो म्हणाला.

सगुणा पुढे वाकली. "अहो, धाग्याच्या टोकाला गोळा झालाय बघा. खड्यासारखा कडक आहे."

"गोळ्याचं काय घेऊन बसलीस. वास घे."

"पण तो वास तुमच्या हाताचा—"

"माझ्या हाताला काय झालंय?"

दोनदा सांगून झालं होतं.

सरड्याने सगळं पाहिलं. त्याचे डोळे दोन दिशांना फिरतात. एका डोळ्याने त्याने दगडोबाचा हात पाहिला आणि दुसऱ्याने दगडोबाचं तोंड. मग त्याचा रंग परत आला.

"दादासाहेब," तो म्हणाला, "पस्तीस वर्षं गादीवर बसतोय. अशी पारख बघितली नव्हती."

दगडोबा रस पीत होता. तेवढ्यात सगुणा उठून बाहेर गेली. तिला शोधत तो बाजाराच्या टोकाला आला. तिथे पाटी नव्हती, पंखा नव्हता. एका वाळक्या फांदीखाली गिरजा कोळीण बसली होती. आठही पायांनी विणत होती. तिच्यापुढे तीन लुगडी होती. भोवती चारदोन गिऱ्हाइकं होती.

"एवढाच माल?" दगडोबाने विचारलं.

"एवढाच. वर्षाला चार होतात," गिरजा म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

"कागद वगैरे?"

"धागा माझ्या पोटातला आहे, बाबा. त्यावर शिक्का कुणाचा मारून आणू?"

सगुणाने मोतिया रंगाचं एक लुगडं उचललं आणि गालाला लावलं. डोळे मिटले. मग म्हणाली, "हे घ्या."

"थांब जरा. दिवा आहे का, बाई?"

"आहे. पण चिमट्यात धरून जाळा. इथं वर सगळी वाळकी जाळी आहेत."

दगडोबाने नाइलाजाने चिमटा घेतला. धागा जळला. त्याची काळी राख झाली. वास आला, पण बारीक. एका धाग्याचा येईल तेवढाच. दगडोबाने नाक पुढे नेलं. आणखी पुढे नेलं.

"हलकं आहे," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. त्याला हळू बोलता येत नाही. "भेसळ आहे यात."

"राख चुरून बघा. भुगा होईल. खोट्याचा होत नाही," गिरजा म्हणाली.

"मी राख घ्यायला आलो नाही, बाई. तिकडं वासाने तीन मजले भरले. इथं नाक टेकवावं लागतंय."

एक रानडुकरीण हातात लुगडं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं. तिच्या मागच्यांनीही ठेवलं.

सगुणाने मोतिया लुगड्याची घडी घातली. अगदी नीट घातली. तिला बराच वेळ लागला.

सात नळ्या मध देऊन पोपटी लुगडं घेतलं. दोघं निघणार, तेवढ्यात सरडा गादीवरून खाली आला.

"दादासाहेब, एक विनंती. लग्नसराई आहे. ही सगळी मंडळी लांबून आलीत. बिचाऱ्यांना कळत नाही. तुम्ही जरा समोर बसून पारखून दिलंत तर पुण्य लागेल."

पुण्य दगडोबाला नको होतं. पण दुकानाच्या दाराशी एक उंच आसन मांडलं होतं, आणि शेजारी एक लाल पागोटं होतं. त्याने पागोटं डोक्याला बसतं का ते पाहिलं. बसलं.

मग काय विचारता. रांग लागली. हत्तीण आली, तिने सगळ्या सुनांसाठी घेतलं. रानडुकरीण आली. सगुणाची बहीण चंद्रभागा नातीच्या लग्नाची खरेदी करायला आली होती, तिनेही घेतलं. लग्न लावणारा भटजी, करकोचा, त्याने पीतांबर घेतला. दगडोबा प्रत्येकाचा धागा ज्योतीवर धरायचा आणि म्हणायचा, "अस्सल." उजव्या हाताला वास येईना, तेव्हा त्याने डावा हात वापरायला घेतला. उजव्या हातात काही बिघाड झाला असेल, असं त्याला वाटलं. उजव्या हातावर केसच राहिले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

बाहेर सरड्याने नवी पाटी लावली, 'दगडोबांनी जाळून पाहिलेलं'. ती दगडोबाला साळुंकीने वाचून दाखवली. त्याने ती दोनदा वाचायला लावली.

सगुणा पायरीवर गाठोडं घेऊन बसली होती. दिवस कलला तेव्हा दगडोबा बाहेर आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत होते. सोललेल्या रताळ्यासारखे.

"पारखीचं काम कष्टाचं असतं," तो म्हणाला.

"हं," सगुणा म्हणाली.

आठ दिवसांनी लग्न लागलं. सगुणा पोपटी लुगडं नेसून कुसुमच्या मागे उभी राहिली. हातात करा. इतकी ताठ उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणजे दगडोबाने. मंडप भरला होता. निम्म्या बायका दगडोबाने पारखलेलं नेसून आल्या होत्या आणि येताजाता त्याला तो पदर दाखवत होत्या. तोही मान डोलवत होता.

करकोच्याने होमात तूप ओतलं. ठिणगी उडाली. ती सगुणाच्या पदरावर पडली.

खरं रेशीम ठिणगीला फारसं जुमानत नाही. जरा जळतं आणि विझतं. हे तसं नव्हतं. याला आधी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. मग बोराएवढं झालं. भोकाच्या कडा वितळून थेंब झाले. वास सुटला. मोरीतली बादली जळावी तसा.

सगुणाने भोकावर हात दाबला. थेंब तिच्या तळव्याला चिकटला. ती हलली नाही. हलली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. दिसलं असतं तर तिला बाहेर जावं लागलं असतं, चपलांपाशी.

करकोचा मंत्र म्हणायचा थांबला. चोच वर करून म्हणाला, "हा वास कसला?"

त्याने होमाभोवती एक नजर फिरवली.

"होमाजवळ खोटं कापड आहे का? असेल तर जिचं असेल तिने बाहेर व्हावं. मुहूर्त चाललाय."

बायकांनी आपापले पदर घट्ट धरले. चंद्रभागा म्हणाली, "भटजी, एवढे पारखी बसलेत आपल्यात. दगडोबा, तुम्हीच सांगा हो. सगुणाचं लुगडं खरं आहे ना?"

सगळ्या मंडपाने दगडोबाकडे पाहिलं.

दगडोबाला होय म्हणता आलं असतं. आयुष्यभर तो तेच म्हणत आला होता. होय म्हटलं असतं तर सगुणा तिथेच उभी राहिली असती, जळका हात दाबून. नाही म्हटलं तर ती बाहेर. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. कुसुमच्या पाठीकडे बघत होती. हात भोकावर तसाच दाबलेला होता.

दगडोबा उभा राहिला.

"लुगडं खोटं आहे," तो म्हणाला. "पण ती बाहेर जाणार नाही. तिने खरं निवडलं होतं. मी खाली ठेवायला लावलं. खोटं मी आणलं. बाहेर मी जातो."

मग त्याने पागोटं काढलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले. "बाजारात जो वास आला तो माझ्या केसांचा होता. त्या दिवशी मी जेवढं पारखलं, तेवढं सगळं खोटं आहे."



हत्तिणीने आपल्या सुनांकडे पाहिलं. चंद्रभागेने आपल्या पदराकडे पाहिलं. करकोच्याने आपल्या पीतांबराकडे पाहिलं, आणि होमापासून एक पाऊल मागे घेतलं.

पहिल्यांदा हत्तीण बोलली. "किती हा विनय."

"मोठ्यांचं असंच असतं," रानडुकरीण म्हणाली. "स्वतःच्या बायकोच्या लुगड्याचं कौतुक चारचौघांत कसं करायचं, म्हणून बोलतायत झालं."

"विनय नाही," दगडोबा म्हणाला. "माझे हात बघा की."

"बघितले हो. पारखीपायी अंगावरचे केस वेचले तुम्ही. बसा आता."

करकोचा खाकरला. "आता नीट ध्यान दिल्यावर ओळख पटली. हा वास खऱ्या रेशमाचाच. ग्रंथात आहे."

"कुठल्या ग्रंथात?" दगडोबाने विचारलं.

"तुम्ही वाचत नाही ना? मग राहू द्या."

दगडोबाला दोघा रेड्यांनी सन्मानाने धरून खाली बसवलं. त्याला बाहेरही जाऊ दिलं नाही. एवढ्यात कुसुम मागे वळली. तिने सगुणाच्या हातातला करा घेतला, तिचा दुसरा हात पदरावरून सोडवला आणि कऱ्यातलं सगळं पाणी त्यावर ओतलं. असा विधी कुठे नव्हता. पण करकोचा म्हणाला, आहे. त्या दिवशी त्याला काहीही चाललं असतं.

"आजी, इथंच राहा," कुसुम म्हणाली. सगुणा राहिली. लग्न लागलं.

त्यानंतर जंगलात नियम बदलला. होमाजवळ नेसायच्या रेशमाला वास आलाच पाहिजे. न आला तर ते खोटं. सरड्याने वारुळावर चौथा मजला चढवला.

पुढच्या पौर्णिमेला दगडोबा आणि सगुणा पुन्हा बाजारात गेली. या वेळी सगुणा पुढे होती. गिरजा कोळीण वाळक्या फांदीखालीच होती. पण पुढ्यात लुगडी नव्हती. ती मच्छरदाण्या विणत होती.

"बाई, मी तुझं लुगडं खोटं म्हणालो होतो," दगडोबा म्हणाला.

"ऐकलं होतं. बाजारानंही ऐकलं."

"ते खरं होतं."

"मला नका सांगू. मीच विणलं होतं ते."

सगुणा खाली बसली. "ते मोतिया आहे का हो अजून?"

"आहे की. घेतंय कोण." गिरजाने फांदीच्या ढोलीतून घडी काढली. "पण नेसणार कुठं? मंडपात उभं करणार नाहीत. वास येत नाही याला."

"चुलीपुढं नेसेन," सगुणा म्हणाली. "ठिणगी पडली तरी धास्ती नाही."

गिरजा हसली. कोळीण हसलेली मी एकदाच पाहिली.

सात नळ्या पहिल्याच लुगड्यात गेल्या होत्या. मग दगडोबा झाडावर चढला. हातावर केस नसले की मधमाशी कशी चावते, हे मी सांगू शकतो. सांगत नाही. सात झाडं, सात नळ्या. लुगडं आलं. धागा जाळून बघितला नाही.

सगुणा आता ते रोज नेसते. शेजारणी म्हणतात, पारख्याची बायको, आणि घरात खोटं नेसते बिचारी. सगुणा त्यांना चहा देते.

दगडोबाकडे अजून गिऱ्हाइकं येतात. सरड्याच्या दुकानातला माल दाखवतात आणि विचारतात, कसा आहे? दगडोबा सांगतो, खोटा आहे, घेऊ नका. ती हात जोडतात, केवढा विनय म्हणतात, आणि दोन घेतात.

तात्पर्य: चूक करायचीच असेल तर एकट्याने आणि लहानशी करू नये. त्याने आपण फक्त मूर्ख ठरतो. ती एवढी मोठी करावी की सगळ्यांची अब्रू तिच्यात गुंतावी. मग शंभरदा कबूल केली तरी कुणी ती चूक मानत नाही, आणि पागोटंही परत मागत नाही.

ज्याला हे पटलं नसेल त्याने सगुणाला विचारावं. ती दोनदा सांगेल.